सिटी व्हीटेकच्या इंजिनातील फोर्ज्ड पिस्टन, रॉड आणि मेटल : दीड वर्षाच्या वापरानंतरचा अभिप्राय

होंडाने १९९८ साली भारतात आणलेली पहिली सिटी २००३ च्या अखेरीस बंद झाली. परंतु तिच्या १.५ व्हीटेक आवृत्तीचे १०६ अश्वशक्तीचे इंजिन हौशी मंडळी आजही भंगारातून शोधून आणतात. माझ्याकडे अशीच एक गाडी आहे आणि ती केवळ ट्रॅकवर व बंद धावपट्टीवर चालवण्यासाठी ठेवलेली आहे. दीड वर्षापूर्वी तिच्या इंजिनातील पिस्टन, कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारे दांडे), रॉडचे बोल्ट, मेटल (रॉड आणि क्रँक यांच्यामधील बेअरिंगची अर्धगोल कवचे) आणि हेड गॅसकेट (ब्लॉक आणि हेड यांच्यामधील पट्टी) हे सर्व बदलले. त्या वेळी वाचलेले बहुतेक अभिप्राय खोके उघडल्याच्या दिवशीच लिहिलेले होते, म्हणून इंजिन पुन्हा एकदा खालून उघडून पाहीपर्यंत मी लिहिण्याचे टाळले.

प्रथम उद्दिष्ट सांगतो, कारण ते न सांगता केलेली शिफारस निरुपयोगी असते. या इंजिनाला टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप) नाही आणि बसवायचाही नाही. व्हॉल्व्हना अधिक उचल देणारा कॅमशाफ्ट, हेडमधील हवेच्या वाटांचे काम आणि मिनिटाला ७,८०० फेऱ्यांची कमाल मर्यादा, एवढेच ठरले होते. पिस्टनचा व्यास ७५ आणि स्ट्रोक ८४.५ मिलिमीटर असे हे इंजिन लांब स्ट्रोकचे आहे. ७,८०० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला जवळजवळ २२ मीटर होतो. रस्त्यावरच्या गाडीच्या मूळ भागांकडून इतकी अपेक्षा दीर्घकाळ करणे योग्य नाही.

येथे एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते, आणि मला ती निम्मे पैसे खर्च झाल्यावर समजली. इंजिनातले भाग दोन वेगवेगळ्या कारणांनी तुटतात. टर्बो इंजिनात ज्वलनाचा दाब पिस्टनला वरून खाली ढकलतो आणि रॉड वाकवतो. टर्बो नसलेल्या, पण जास्त फेऱ्यांच्या इंजिनात शत्रू हा दाब नसून ओढ असते. पिस्टन वर जाऊन क्षणभर थांबतो आणि खाली खेचला जातो, तेव्हा त्याचे सारे जडत्व रॉडला आणि रॉडच्या दोन बोल्टांना ताणते. एक्झॉस्टच्या स्ट्रोकच्या शेवटी तर वरून वायूचा दाबही नसतो, त्यामुळे ही ओढ अडवायला कोणीच उरत नाही. पिस्टन, रिंगा, गजन पिन (पिस्टन व रॉड जोडणारी पिन) आणि रॉडचा वरचा भाग मिळून वजन अर्धा किलो धरले, तर ७,००० फेऱ्यांना ही ओढ सुमारे १,५०० किलोच्या वजनाइतकी आणि ७,८०० फेऱ्यांना सुमारे १,८७० किलोइतकी भरते. फेऱ्या अकरा टक्क्यांनी वाढल्या, ओढ चोवीस टक्क्यांनी वाढली; कारण ती फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. इंजिनाची अश्वशक्ती किती आहे याचा या हिशेबाशी काहीही संबंध नाही.

म्हणून या संचातील सर्वांत उपयोगी खरेदी म्हणजे रॉड आणि त्यांचे बोल्ट. होंडाच्या डी-१६ या भावंड इंजिनासाठी तयार रॉड परदेशी बाजारात सहज मिळतात, मात्र ते सिटीच्या आपल्या डी-१५ मध्ये जसेच्या तसे बसतील असे गृहीत धरू नये. रॉडची लांबी, गजन पिनचा व्यास, बिग एंडचा (रॉडच्या क्रँककडील मोठ्या टोकाचा) व्यास आणि रुंदी ही चारही मापे मी जुना रॉड मोजून घेतली, पिस्टनच्या पिनची उंची त्यांच्याशी जुळवली आणि मगच ४३४० पोलादाचे एच आकाराच्या छेदाचे रॉड मापानुसार करवून घेतले. एच छेद बरा की आय छेद, यावर लोक तावातावाने वाद घालतात. माझ्या मते आमच्यासारख्या इंजिनात हा प्रश्न दुय्यम आहे. पोलाद चांगले असेल, घडाई नीट असेल आणि वजन आटोक्यात असेल तर दोन्ही चालतात. जो रॉड वजनाने हलका असेल तो जास्त फेऱ्यांच्या इंजिनात बरा. आलेले चारही रॉड वजनाला एकमेकांपासून एका ग्रॅमच्या आत होते आणि बिग एंडचा व्यास मायक्रोमीटरने पाहता कुठेही तक्रारीला जागा नव्हती.

बोल्टच्या बाबतीत मी काटकसर केली नाही, याचे आज समाधान वाटते. कॅलिफोर्नियातील एआरपी ही कंपनी १९६८ पासून केवळ असे जोडणीचे भाग बनवते. रॉडसाठी तिचे ८७४० या पोलादाचे बोल्ट स्वस्त पडतात, तर एआरपी २००० या मिश्रधातूचे बोल्ट त्यांहून अधिक ताण सोसतात. मी दुसरे घेतले. रॉडच्या संपूर्ण किमतीपुढे हा फरक किरकोळ होता, आणि रॉड मोडल्याच्या बहुतेक कथा मुळात बोल्ट सैल झाल्याच्या किंवा तुटल्याच्या असतात.

हे बोल्ट आवळण्याची पद्धत मात्र आपल्याकडच्या सवयीपेक्षा वेगळी आहे. गॅरेजमध्ये टॉर्क पान्याचा (ठरवलेला पिळ्याचा जोर, म्हणजे टॉर्क, आला की आवाज देणाऱ्या पान्याचा) ‘टक’ आवाज आला की काम झाले असे मानतात. प्रत्यक्षात पान्यावर दिसणाऱ्या टॉर्कचा मोठा भाग आट्यांमधील आणि बोल्टच्या डोक्याखालील घर्षणातच खर्च होतो. वंगण बदलले की त्याच टॉर्कला बोल्टमध्ये वेगळाच ताण बसतो. म्हणून रॉडचा बोल्ट आवळल्यावर तो किती लांबला हे मोजतात. सैल असताना त्याची लांबी नोंदवायची, कंपनीने सोबत दिलेले वंगण लावायचे, आवळायचे आणि डायल लावलेल्या गेजने पुन्हा लांबी पाहायची. कार्डावर दिलेली वाढ काही थाऊंची, म्हणजे इंचाच्या काही हजारांश भागांची असते. मी आठही बोल्टांच्या दोन्ही लांब्या वहीत लिहून ठेवल्या. इंजिन पुढे कधी उघडले आणि सैल केलेला बोल्ट मूळ लांबीवर परत आला नाही, तर तो कायमचा ताणला गेला असे समजून फेकून द्यायचा. हे गेज विकत घेणे अनेकांना उधळपट्टी वाटते. चार मित्रांनी मिळून एक घ्यावे, पण घ्यावे.

पिस्टनच्या बाबतीत माझी निवड चुकली, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होईल. चूक पिस्टन बनवणाऱ्याची नाही, माझीच आहे. बाजारातले फोर्ज्ड, म्हणजे ओतून नव्हे तर दाबून घडवलेले, पिस्टन प्रामुख्याने दोन मिश्रधातूंचे असतात. ४०३२ मध्ये सिलिकॉन साधारण बारा टक्के असते, त्यामुळे ते तापल्यावर कमी फुगते, झिजेला चांगले टिकते, पण तुलनेने ठिसूळ असते. २६१८ मध्ये सिलिकॉन जवळजवळ नसतेच. ते अधिक चिवट असते आणि नॉकिंगचे (अवेळी भडकणाऱ्या ज्वलनाचे) घाव किंवा टर्बोचा दाब सोसताना तडकण्याऐवजी वाकते, परंतु तापल्यावर जास्त फुगते. ७५ मिलिमीटर व्यासाचा पिस्टन शंभर अंशांनी तापला, तर दोन धातूंमधील फरक सुमारे दोन शतांश मिलिमीटर येतो. ऐकायला हे माप क्षुल्लक वाटते. मूळ ओतीव पिस्टन आणि स्लीव्ह (पिस्टन ज्यात सरकतो तो सिलिंडरचा नळा) यांच्यामध्ये होंडा एकूण अंतर ठेवते तेच दोन-तीन शतांशांचे असते. त्यामुळे २६१८ च्या पिस्टनला थंड असताना सात-आठ शतांशांची मोकळीक द्यावी लागते.

मी ‘सर्वांत मजबूत तेच घ्यावे’ या विचाराने २६१८ घेतले. परिणाम असा, की थंड इंजिन सुरू केल्यावर पहिली दोन मिनिटे पिस्टन स्लीव्हवर आपटल्याचा स्पष्ट टकटक आवाज येतो, आणि आवाज जाईपर्यंत गाडी हलवायची नाही हा नियम मला पाळावा लागतो. ऑइलही मूळ इंजिनापेक्षा जास्त लागते. टर्बो बसवणाऱ्याने हे सारे हसत सोसावे. माझ्या इंजिनात दाबाचा धोका नव्हता, ओढीचा होता, आणि ओढ कमी करायची तर हलका व घट्ट बसणारा ४०३२ चा पिस्टन अधिक शहाणपणाचा ठरला असता. फेऱ्यांची मर्यादा मूळ इंजिनाइतकीच ठेवणाऱ्यांना तर मी फोर्ज्ड पिस्टनची शिफारसच करणार नाही; होंडाचे ओतीव पिस्टन शांत असतात आणि लाख-दोन लाख किलोमीटर टिकतात.

अमेरिकेत याच डी कुळातल्या इंजिनाला टर्बो बसवणारी मंडळी स्वस्तातला उपाय म्हणून सुझुकी व्हिटाराचे ७५ मिलिमीटरचे पिस्टन वापरत आली आहेत, कारण त्यांनी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधील वायू किती पट दाबला जातो ते गुणोत्तर) खाली येते. आपल्याकडे हा सल्ला आंधळेपणाने उचलला जातो. टर्बो नसलेल्या इंजिनात कॉम्प्रेशन खाली आणणे म्हणजे पैसे देऊन ताकद कमी करणे होय.

कॉम्प्रेशनचा हिशेब मी कागदावर केला आणि तो प्रत्येकाने स्वतः करावा. ७५.५ मिलिमीटरच्या ओव्हरसाइज पिस्टनसह एका सिलिंडरचा विस्थापित घनफळाचा आकडा ३७८ सीसी होतो. १०.६ हे गुणोत्तर हवे असेल, तर पिस्टन वर असताना उरणारी जागा ३९.४ सीसी हवी. आता हेड गॅसकेट ठरल्यापेक्षा फक्त ०.३ मिलिमीटर जाड आले, तर जागा १.४ सीसीने वाढते आणि गुणोत्तर १०.३ वर येते. म्हणजे महागडा पिस्टन घेऊन मिळवलेल्या वाढीचा मोठा वाटा एका गॅसकेटमध्ये जातो. कॉमेटिकसारख्या कंपन्या बहुस्तरीय पोलादी गॅसकेट हव्या त्या जाडीत करून देतात, ही मोठी सोय आहे. मात्र या गॅसकेटला हेड आणि ब्लॉक यांचा पृष्ठभाग अतिशय गुळगुळीत लागतो. नेहमीच्या फेसिंगच्या (पृष्ठभाग सपाट करण्याच्या) खरबरीत खुणांवर ते पाणी धरत नाही.

१०.६ हा आकडा इंधन पाहून ठरवला. ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल) आल्यापासून साध्या पेट्रोलचा ऑक्टेन आकडा, म्हणजे नॉकिंग रोखण्याची क्षमता, ९१ वरून ९५ वर गेला आहे, आणि ट्रॅकच्या दिवशी इंडियन ऑइलचे एक्सपी १०० भरता येते. ते मोजक्याच शहरांतल्या मोजक्या पंपांवर मिळते व खिशाला चांगलेच जाणवते, म्हणून इंजिन त्याच्यावरच अवलंबून राहील इतके कॉम्प्रेशन चढवणे मी टाळले.

आता मशीन शॉपविषयी. सुटे भाग कितीही उत्तम असले, तरी त्यांचे काय होणार हे बोअर करणारा, म्हणजे सिलिंडर कापून मोठा करणारा, माणूस ठरवतो. पहिला ब्लॉक मी ज्या वर्कशॉपमध्ये दिला, तेथे पिस्टन येण्यापूर्वीच ‘अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज ना, मग आम्हाला माप ठाऊक आहे’ असे म्हणून बोअर मारून टाकला गेला. फोर्ज्ड पिस्टनचा प्रत्येक नग हातात घेऊन, कंपनीने सांगितलेल्या उंचीवर त्याचा व्यास मोजून, त्यात मोकळीक मिळवून त्या-त्या सिलिंडरचे होनिंग (घासून अचूक माप देणे) करायचे असते. शिवाय या इंजिनाचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा असून त्यातल्या बिडाच्या स्लीव्ह वरच्या टोकाला सुट्या, आधाराविना उभ्या असतात. हेडचे बोल्ट आवळले की त्या किंचित वेड्यावाकड्या होतात. म्हणूनच होनिंगच्या वेळी हेडच्या जागी जाड पोलादी टॉर्क प्लेट आवळायची असते, म्हणजे इंजिन बांधल्यावर स्लीव्हचा जो आकार होणार आहे त्याच आकारात ती गोल केली जाते. ही मागणी तेथे हसण्यावारी नेण्यात आली. ब्लॉक परत आल्यावर मी हेड आवळून खालून बोअर गेज लावले, तेव्हा दोन सिलिंडर तीन शतांशांनी लंबगोल भरले आणि चौथ्यात मोकळीक अकरा शतांशांपर्यंत गेली. तो ब्लॉक बाजूला ठेवावा लागला. दुसरा मिळवण्यात तीन महिने गेले.

दुसरे काम कोल्हापुरात झाले, आणि त्या छोट्या वर्कशॉपचे कौतुक करायला हवे. ओतकाम आणि मशीनकाम ही त्या शहराची पिढीजात विद्या आहे, याचा प्रत्यय आला. तेथील काकांनी टॉर्क प्लेट आधी कधी वापरली नव्हती. पण मी कारण सांगितल्यावर त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले, जुने गॅसकेट साच्यासारखे ठेवून चाळीस मिलिमीटरच्या पोलादी तुकड्यातून प्लेट स्वतः तयार केली आणि चारही पिस्टनवर क्रमांक टाकून चार होनिंग वेगवेगळी केली. चारही सिलिंडरांची गोलाई एका शतांशाच्या आत आली. बिल पहिल्या वर्कशॉपपेक्षा फारसे जास्त नव्हते.

(एक गोष्ट राहून राहून मनात येते. मुंढव्याची भारत फोर्ज जगभरच्या वाहनांना क्रँकशाफ्ट पुरवते आणि मेनन पिस्टन्सचे पिस्टन कोल्हापुरातच बनतात. तरीही सुट्या ग्राहकाला चार पिस्टन आणि चार रॉड हवे असतील, तर ते सातासमुद्रापलीकडून मागवून वर सीमाशुल्क भरावे लागते. मोठ्या कारखान्याचे अर्थकारण चार नगांसाठी चालत नाही, हे समजते. तरी चुटपुट लागतेच.)

मेटलच्या बाबतीत नाव पाहण्यापेक्षा मेटल आणि क्रँक यांच्यामधील अंतर पाहावे. शर्यतीच्या वापरासाठी टास्मानियातील एसीएल आणि इस्राएलमधील किंग या कंपन्यांचे त्रिधातू मेटल नावाजलेले आहेत. त्रिधातू म्हणजे पोलादी पाठ, तिच्यावर तांबे-शिशाचा थर आणि वर अगदी पातळ मऊ थर; भार जास्त सोसतो, पण ऑइलमधला कचरा पोटात घेण्याची क्षमता ॲल्युमिनियमच्या मूळ मेटलपेक्षा कमी असते. जुन्या कारागिरांचा ठोकताळा असा, की क्रँकच्या जर्नलच्या (मेटलमध्ये फिरणाऱ्या गोल भागाच्या) व्यासाच्या एक हजारांश भागाइतके अंतर ठेवावे. म्हणजे ४५ मिलिमीटरच्या जर्नलला साडेचार शतांश. प्लास्टिगेजची पट्टी चिरडून अंदाज येतो, परंतु खात्रीसाठी मेटल रॉडमध्ये बसवून, बोल्ट पूर्ण आवळून आतला व्यास बोअर गेजनेच घ्यावा. माझ्या चारपैकी एका रॉडमध्ये अंतर कमी भरले. त्याच मेटलचा एक थाऊ अधिक मोकळीक देणारा संच वेगळा मिळतो. त्याचा अर्धा भाग वरच्या बाजूस वापरून माप साधले. अंतर वाढवून जाड ऑइल भरण्याची जी टूम आहे, तिचा अवलंब ऑइल पंपाची क्षमता पाहिल्याशिवाय करू नये.

रिंगांचे टोक मी स्वतः घासले. टर्बो नसलेल्या इंजिनात वरच्या रिंगच्या टोकांमधील फट व्यासाच्या दर मिलिमीटरला सुमारे चार हजारांश मिलिमीटर, म्हणजे आमच्या मापाला ०.३० मिलिमीटर पुरते. दुसऱ्या रिंगची किंचित जास्त ठेवली. फट कमी पडली तर तापलेल्या रिंगची टोके एकमेकांना भिडतात आणि पिस्टनचा काठ उखडतो, म्हणून शंका असल्यास जास्तीच्या बाजूला चुकावे. क्रँक मूळचाच ठेवला. तो सरळ होता, जर्नल स्वच्छ होते, केवळ तोल साधून घेतला. व्हॉल्व्हच्या स्प्रिंग बदलल्या, त्याविषयी विशेष सांगण्यासारखे नाही.

या खरेदीने गाडी वेगवान झाली का, असे विचारणाऱ्यांना स्पष्ट सांगतो की रॉड, बोल्ट आणि मेटल यांनी एकही अश्वशक्ती वाढत नाही. वाढ झाली ती कॅमशाफ्टमुळे, हेडच्या कामामुळे आणि थोडी कॉम्प्रेशनमुळे. आतले भाग केवळ ती वाढ टिकू देतात. रॉड आणि बोल्ट दारात येईपर्यंत जवळजवळ लाख रुपयांना पडले, पिस्टन त्याहून थोडे कमी, आणि वाया गेलेला ब्लॉक धरून मशीनकाम तितकेच. यात शुल्काचा वाटा मोठा आहे. मागवताना किमतीत तो आधीच धरावा. तसेच मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल पाहता, नोंदणीकृत गाडीत मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करून ती रस्त्यावर फिरवणे कायद्यात बसत नाही. हा सारा उद्योग ट्रॅकच्या गाडीपुरताच ठेवावा.

गेल्या महिन्यात सम्प (इंजिनाखालचे ऑइलचे भांडे) काढून दोन रॉडच्या कॅप उघडल्या. आठ ट्रॅक दिवसांनंतर मेटलचा वरचा करडा थर अखंड होता, मधोमध फक्त एक फिकट पट्टा दिसत होता, आणि सैल केलेले चारही बोल्ट वहीत लिहिलेल्या मूळ लांबीवर परत आले. पिस्टनच्या घेरावर, पिनच्या काटकोनातील दोन बाजूंना, आपटल्याच्या चकचकीत खुणा आहेत. पुढच्या हिवाळ्यात ४०३२ चे पिस्टन मागवणार आहे. रॉड हेच राहतील, बोल्ट मात्र नवे घेईन.